पत्र्यावरचा आकडा कोणाच्या टेबलावर जातो? – ठाणे, नवी मुंबईची हवा

गायमुख (धागाकर्ती)

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना इथली परिस्थिती वेगळी सांगायला नको. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत मेट्रोचं काम, दोन्ही बाजूंना उभे राहणारे टॉवर, मधूनमधून तयार काँक्रीट बनवणारे आरएमसी प्लांट आणि रात्र झाली की जेएनपीटी बंदराकडून गुजरातच्या दिशेने निघालेले ट्रेलर. सकाळी पुसलेली गॅलरी दुपारी पुन्हा पांढरी झालेली असते.

गेल्या काही काळात यात एक नवी गोष्ट आली आहे. बांधकामांच्या पत्र्यांवर पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) आणि पीएम १० (त्याहून जाड कणही धरून) यांचे आकडे दाखवणारे फलक दिसू लागले आहेत. २५ ऑक्टोबर २०२३ ला मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली आणि हवा मोजणारे सेन्सर बांधकामाच्या जागी बसवणं सक्तीचं केलं. त्याच सुमारास उच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली आणि तो मुंबईपुरता न राहता आपल्या पालिकांपर्यंतही आला. झालं ते चांगलंच झालं.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. फलकावरचा आकडा मर्यादेच्या वर गेला की काय होतं? आमच्या शेजारच्या साइटवर मी हे विचारलं. वॉचमनने इंजिनियरकडे पाठवलं, इंजिनियर म्हणाला डेटा ऑफिसला जातो. ऑफिसमध्ये तो कोण बघतं आणि बघून काय करतं, हे कोणालाच सांगता आलं नाही.

सरकारी केंद्रं आहेत, पण तुरळक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर ठाण्याची पिंपळेश्वर मंदिर, उपवन फोर्ट आणि कासारवडवली ही केंद्रं दिसतात. २०११ च्या जनगणनेतच १८ लाखांच्या वर असलेलं हे शहर. उपवन येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथली हवा आणि कापूरबावडीच्या वर्दळीच्या नाक्यावरची हवा एक कशी असेल?

आमच्या सोसायटीत स्वतःचा सेन्सर घ्यायचा विषय निघाला आहे. मॅनेजिंग कमिटीचे दोन सदस्य तयार आहेत, एकांना हा खर्च निरर्थक वाटतो. कोणी असा सेन्सर वापरला आहे का? त्याच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, आणि तो घेऊन जायचा कोणाकडे? माझं स्वतःचं मत असं की आकडा वाढल्यावर कोणी, किती वेळात, काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर कितीही सेन्सर लावले तरी धूळ तेवढीच राहणार. त्यामुळे पुढच्या अर्ध्या भागाबद्दल जास्त बोलू या.

सुतारपक्षी

मानपाड्यालाही हेच. फलकावर "समाधानकारक" आणि खाली उभ्या माणसाच्या डोळ्यात खडीची पूड. वाचतोय.

तेरेखोल

मोजमापाच्या उपकरणांमध्येच माझी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोठ्या केंद्रांत धूळ मोजायला बहुतेक ठिकाणी बीटा किरणांचं यंत्र असतं. ते ठरावीक वेगाने हवा आत ओढतं, धूळ फिल्टरच्या पट्टीवर जमते आणि तिच्यातून बीटा किरण किती आरपार जातात त्यावरून धुळीचं वजन काढलं जातं. असं पूर्ण केंद्र उभारायचा खर्च कोटीच्या घरात जातो, वर वातानुकूलित खोली आणि देखभाल. म्हणूनच ती तुरळक आहेत.

पत्र्यावरच्या फलकामागे असतो तो मुठीत मावणारा लेझर सेन्सर. छोटा पंखा हवा ओढतो, कणांवर लेझरचा झोत पडतो, विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि त्यावरून कणांच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. इथे अंदाज हा शब्द महत्त्वाचा. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि आकडा उगाच वर चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि थंडीतल्या दवाच्या पहाटे हे हमखास घडतं. म्हणून आर्द्रतेची दुरुस्ती न केलेला कोणताही आकडा मी मानत नाही.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. या वर्गातले बरेचसे सेन्सर पीएम २.५ बऱ्यापैकी पकडतात, पण जाड कण त्यांना नीट दिसत नाहीत. पंख्याचा जोर जाड कण आत ओढायला अपुरा पडतो. फलकावर पीएम १० म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा बारीक कणांवरून सूत्राने काढलेलं असतं. आणि बांधकामाची, खडीची, रस्त्यावरची धूळ ही मुख्यतः जाडच असते! म्हणजे जिथे जाड धूळ मोजायची तिथेच तिला न पाहणारा सेन्सर लावला जातो. सुतारपक्षी, तुमच्या "समाधानकारक"चं एक कारण हे असू शकेल.

दुसरं कारण सरासरीत आहे. आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) धुळीसाठी २४ तासांची सरासरी धरतो. समजा एका जागी २२ तास पीएम १० घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅम आहे आणि रात्री राडारोडा भरताना दोन तास ४००. दिवसाची सरासरी येते ९७.५. मर्यादा १०० ची, म्हणजे दिवस "समाधानकारक"च्या रकान्यात गेला. त्या दोन तासांत शेजारच्या इमारतीत झोपलेल्या माणसाने काय श्वासात घेतलं ते सरासरीत दिसतच नाही. त्यामुळे पंधरा मिनिटांचा किंवा तासाचा आकडा आणि त्याची वेळ, हे दोन्ही मागा.

हे वाचून स्वस्त सेन्सर टाकाऊ आहेत असं मात्र समजू नका. २०२०-२१ मध्ये राज्याच्या मंडळाने आणि आयआयटी कानपूरने मुंबई महानगर प्रदेशात असे सेन्सर मंडळाच्या केंद्रांशेजारी ठेवून ताडून पाहिले होते. रीत तीच योग्य आहे. आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवायचा, फरक काढायचा, दुरुस्तीचं सूत्र लावायचं, मग जागेवर न्यायचा आणि ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासायचा, कारण लेझर आणि पंखा दोन्हींवर धूळ बसते आणि आकडा सरकत जातो. एवढं पाळलं तर कुठल्या गल्लीत, किती वाजता हवा बिघडते हे सांगण्यात हा सेन्सर मोठ्या केंद्रापेक्षा सरस ठरतो, कारण तो शंभर ठिकाणी लावता येतो.

निंबोणी

तेरेखोल, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. साइटवरच्या फलकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित यंत्राशी ताडून दुरुस्ती, कधी झालं हे आपण विचारू शकतो का?

तेरेखोल

विचारायलाच हवं. त्यासोबत हेही बघा की हवा ओढायचं तोंड कुठे आहे. काही ठिकाणी ते साइट ऑफिसच्या मागे, वाऱ्याच्या उलट बाजूला असतं. खरं तर ते धूळ बाहेर पडते त्या हद्दीवर, वस्तीच्या बाजूला पाहिजे.

खाडीपलीकडे

आता थोडं आमच्या नवी मुंबईकडे वळा. आमचा प्रश्न धुळीपेक्षा वासाचा आहे.

कोपरखैरणे, वाशी, घणसोलीत राहणाऱ्या कोणालाही विचारा. थंडीत रात्री अकरा-बारानंतर खिडकीतून रसायनाचा उग्र वास येतो. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, मुलं झोपेतून उठतात. त्या वेळी अ‍ॅप उघडलं तर हवा "मध्यम", कधी "समाधानकारक". लोकांना वाटतं आकडे खोटे आहेत. माझ्या मते आकडे खोटे नसावेत, ते वेगळ्याच गोष्टीचे आहेत. राष्ट्रीय निर्देशांकात आठ घटक येतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. सॉल्व्हंटच्या, म्हणजे रसायनं विरघळवणाऱ्या द्रवांच्या, वाफा त्यात नाहीत, हायड्रोजन सल्फाइडही नाही. ज्याचा वास येतो त्यातलं बरंचसं या यादीबाहेर आहे.

भूगोल बघा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि मधे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा. रस्त्याच्या पश्चिमेला खाडीपर्यंत आपली घरं. दिवसा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो. रात्री जमीन थंड झाली की तो उलटतो आणि कारखान्यांकडून घरांकडे येतो, तोही अगदी मंद. थंडीत वर उबदार हवेचं झाकण असल्यामुळे खालची हवा वर जात नाही. कारखान्याने रात्रीसाठी वेगळं काही केलं नाही तरी वास रात्रीच जास्त येणार. काही ठिकाणी रात्रीची वेळ साधूनही सोडलं जात असावं असा आम्हा रहिवाशांचा दाट संशय आहे, आणि तो खरा की खोटा हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

तक्रार केली की अधिकारी सकाळी दहाला येतात. तोवर वारा फिरलेला, वास गेलेला, पंचनाम्यात "वास आढळला नाही". त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

स्मार्ट तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने वाफा आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारे सेन्सर एका रांगेत लावायचे, प्रत्येकासोबत वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारं यंत्र. पातळी चढली की त्याच क्षणी हवेचा नमुना आपोआप पात्रात भरला जाईल अशी सोय करायची. हे तंत्र जुनं आहे, औद्योगिक वसाहतींच्या कुंपणावर जगात ठिकठिकाणी वापरलं जातं. तो नमुना प्रयोगशाळेत गेला की कुठलं रसायन ते कळतं, वाऱ्याच्या नोंदीवरून दिशा कळते. मग अधिकारी सकाळी दहाला आले तरी पुरावा जागेवर असतो.

मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांवर ऑनलाइन मापक असतात हे मला माहीत आहे. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रवर्गांतल्या उद्योगांना ते लावायला सांगितलं. पण त्या प्रवर्गांत न बसणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. शिवाय टाकीचं झाकण, पंपाची गळती, उघड्यावर ठेवलेले ड्रम यांतून निघणारी वाफ धुराड्यातून जातच नाही.

कळंबोली_सेक्टर२

खाडीपलीकडे यांच्याशी पूर्ण सहमत. तळोजा एमआयडीसीच्या बाजूने खारघर, रोडपाली, कळंबोलीला हेच भोगावं लागतं. आमच्याकडे कळंबोली आणि तोंडरे-तळोजा अशी दोन केंद्रं आहेत, तरी वासाच्या तक्रारीत त्यांचा उपयोग होत नाही. कारण तुम्ही दिलंच आहे.

निंबोणी

ऑनलाइन दोन-तीन हजारांत रसायनांच्या वाफा मोजणारे "व्हीओसी मीटर" मिळतात. ते घेऊन पुरावा गोळा केला तर?

तेरेखोल

नको. त्या मीटरला उदबत्ती, फिनेल, रंग, परफ्यूम सगळं सारखंच दिसतं. एकूण वाफा वाढल्या एवढंच कळेल, कुठल्या ते नाही. तक्रारीत तो आकडा पहिल्या प्रश्नालाच गळून पडेल. त्यापेक्षा वासाची वेळ, ठिकाण आणि वारा कुठून येतोय ते रोज लिहून ठेवा. पन्नास घरांनी एकाच रात्री केलेली नोंद या मीटरपेक्षा जास्त वजनदार आहे.

पारसिक

सगळ्यांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. आपल्याला कारणं माहीत नाहीत का? उखडलेले रस्ते, ताडपत्रीशिवाय धावणारे डंपर, दगडखाणी आणि क्रशर, रात्री जाळला जाणारा कचरा. हे कळायला सेन्सर कशाला हवा? तोच पैसा रस्ते धुण्यात आणि यांत्रिक झाडूत घाला. दहा वर्षं आपण मोजतोच आहोत.

गायमुख

पारसिक, तुमची चीड समजते आणि निम्मी मलाही पटते. उघड दिसणारी धूळ थांबवायला सेन्सरची वाट बघायची गरज नाही. पण दोन ठिकाणी आकड्याशिवाय अडतं. एक, यांत्रिक झाडू फिरवल्याने खरंच फरक पडला का, की धूळ इकडून तिकडे गेली? आधीचा आणि नंतरचा आकडा नसेल तर कंत्राटाचं बिल निघतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. तोफेसारख्या मशीनमधून पाणी उडवतात त्याचंही तेच. दोन, रात्री कोण काय जाळतं हे दिवसा दिसत नाही. पहाटे दोनला पीएम २.५ एकदम चढून तासाभरात उतरला तर तो कचरा पेटवल्याचा माग असू शकतो, आणि दोन-तीन सेन्सर असतील तर जागाही साधारण हेरता येते.

आणि मोजताना पावसाळा बाजूला ठेवायलाच हवा. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हाचे आकडे कोणाच्याही कामगिरीचे नाहीत. डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच करायची.

ओळंबा

मी साइटवर काम करतो, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. कोणाची पाठराखण करायची नाही, पण प्रत्यक्षात काय होतं ते कळावं.

फलक लावला जातो कारण तपासणीच्या यादीत तो आहे. आकडा चढला म्हणून काम थांबवायचा अधिकार साइटवरच्या कोणाकडेच नसतो. सेफ्टीवाल्याकडे नाही, ज्युनियर इंजिनियरकडे तर नाहीच. त्याने थांबवलं तर त्या दिवसाच्या मजुरीचं काय, हे विचारणारे दहा जण असतात. म्हणून धागाकर्तीचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला आहे.

दुसरं, "काम बंद करा" असा सरसकट आदेश साइटवर चालत नाही. स्लॅब भरताना मधेच थांबलात तर काँक्रीटला जोड पडतो आणि तो पुढे इमारतीला भोवतो. पण स्लॅब भरताना तशी धूळही फार नसते. धूळ उडते ती तोडफोड, चिपिंग (काँक्रीट ठोकून काढणं), टाइल आणि ब्लॉक कोरडे कापणं, खोदकाम, राडारोडा भरणं आणि गाड्यांची ये-जा यांत. ही कामं दहा-पंधरा मिनिटांत थांबवता येतात आणि थांबवल्याने काही बिघडत नाही. म्हणजे नियम असा लिहिता येईल: तासाचा आकडा अमुक पातळीवर गेला की ही कामं थांबतील, पाणी मारलं जाईल, आकडा उतरला की परत सुरू. असा नियम कंत्राटदार मानेल, कारण तो पाळता येण्यासारखा आहे.

खर्चाबद्दलही सांगतो. गेटवर चाकं धुण्याचा खड्डा, खडी-ग्रीटवर ताडपत्री, कापायच्या यंत्राला पाण्याची नळी, मजल्यावरून राडारोडा खाली सोडायला बंद पाइप. टॉवरच्या एकूण खर्चापुढे हे किरकोळ आहे. पाणी पिण्याचं लागत नाही, शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं) चालतं. यातलं बरंचसं केंद्राच्या २५ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत आलेलंच आहे, त्यामुळे नवा कायदा मागायची गरज नाही.

आणि एक मनापासून. फलक रस्त्याकडे तोंड करून असतो. सगळ्यात जास्त धूळ खातो तो पत्र्याच्या आत राहणारा मजूर, त्याची बायको आणि मुलं. त्यांच्या झोपड्यांपाशी मोजलेला आकडा मी अजून कुठे पाहिलेला नाही.

सुतारपक्षी

ओळंबा, शेवटच्या परिच्छेदासाठी आभार. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीचंच बोलत होतो.

हिरवाचाफा

छातीरोगाची डॉक्टर आहे, ठाण्यातच. ओळंबा यांनी लिहिलेले लोक माझ्या ओपीडीत येतात, पण फार उशिरा.

पीएम १० मधले जाड कण नाक, घसा, मोठ्या श्वासनळ्यांत अडकतात. खोकला, सर्दी, दम्याचा झटका यांना ते पुरेसे आहेत. पीएम २.५ फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, त्यातले अगदी बारीक रक्तात उतरतात आणि हृदयविकाराचाही धोका वाढवतात. आपली २४ तासांची मर्यादा पीएम २.५ साठी ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. वर्षाच्या सरासरीला आपली ४०, त्यांची ५. त्यामुळे मर्यादेच्या आत आहोत म्हणजे निर्धोक आहोत असं कृपया धरू नका, विशेषतः घरात दम्याचं मूल, गरोदर स्त्री किंवा हृदयरोगी असेल तर.

व्यवहारातलं एक. थंडीत पहाटे फिरायला जायची आपल्याला सवय आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा जमिनीलगत कोंडलेली असते आणि रात्रभराची धूळ-धूर त्यातच असतो. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्यांनी ऊन वर आल्यावर जावं. सोसायटीचा सेन्सर असेल तर या निर्णयाला त्याचा रोज उपयोग होईल, मोठ्या लढाईचं काही होवो न होवो. रुमाल आणि कापडी मास्कने पीएम २.५ जवळपास अडत नाही, नीट बसवलेला एन-९५ लागतो. आणि इनहेलर स्वतःहून बंद करू नका.

उलवेकर

८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता विमानं आहेत, रस्त्यांवर गाड्या वाढल्यात, बांधकामं तर आहेतच. नेरुळचं केंद्र खाडीपलीकडे आहे. तो आकडा उलव्याचा म्हणून वापरू नये, एवढीच विनंती. इथल्या वस्तीत मोजलं पाहिजे.

जुनी_कचेरी

मी पालिकेच्या नोकरीतून निवृत्त आहे. कुठली पालिका ते लिहीत नाही. आकडा कोणाच्या टेबलावर जातो, याचं उत्तर मला जेवढं दिसलं तेवढं देतो.

स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं. ठाणे सप्टेंबर २०१६ च्या यादीत निवडलं गेलं, नवी मुंबई त्या शंभर शहरांत नाही. या मिशनमधून शहरांत कमांड सेंटर उभी राहिली: भिंतभर पडदे, त्यावर सीसीटीव्ही, सिग्नल, पाणीपुरवठा वगैरे. हवेचा आकडा तिथे आणणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. अवघड काय ते पुढे.

पडद्यावर आकडा लाल झाला. समोर बसलेला ऑपरेटर कंत्राटी आहे, त्याने फोन कोणाला करायचा? धूळ खासगी बांधकामाची असेल तर शहर विकास विभाग, कारण काम थांबवायची नोटीस तिथून निघते. मेट्रोची असेल तर एमएमआरडीए. कारखान्याची असेल तर हवा कायदा १९८१ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ. ट्रेलरच्या रांगेची असेल तर वाहतूक पोलीस. कचरा जाळला असेल तर घनकचरा विभाग. पाच टेबलं, पाच वेगळे वरिष्ठ. पर्यावरण कक्षाकडे मोजायचं काम असतं, थांबवायचा अधिकार नसतो. नियत कुणाची वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ही साखळी कोणी जोडूनच दिलेली नाही.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ ला आला. २०१७ च्या तुलनेत धूळ २० ते ३० टक्के कमी करायचं उद्दिष्ट होतं, नंतर २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झालं. नवी मुंबईही त्या यादीत आहे. शहरांचं मूल्यमापन मुख्यतः पीएम १० च्या वार्षिक आकड्यावर होतं. त्यामुळे पालिकेचं लक्ष वर्षाच्या सरासरीवर असतं, तुमचं रात्री अकरावर. दोघं वेगळ्या घड्याळांकडे बघत आहात, हे लक्षात ठेवून अर्ज लिहा.

तुम्हाला खरंच काही हलवायचं असेल तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा. तुमच्या प्रभागातल्या बांधकामांवरच्या सेन्सरची कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं. गेल्या थंडीत पातळी ओलांडल्याच्या सूचना किती, कुठे आणि कधी आल्या त्याची नोंदवही. आणि प्रत्येक सूचनेवर केलेली कार्यवाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोंदवहीच ठेवलेली नसेल तर "माहिती उपलब्ध नाही" असं लेखी येईल, आणि तो कागद नगरसेवकाच्या हातात फार उपयोगी पडतो.

पारसिक

जुनी_कचेरी, हे वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. मोजण्यावर खर्च करा, पण त्यातला ठरावीक हिस्सा त्या पाच टेबलांना जोडणाऱ्या माणसांवर झाला पाहिजे. एक अधिकारी, ज्याच्या नावापुढे ही जबाबदारी लिहिलेली आहे.

खाडीपलीकडे

आणि सूचना व कार्यवाही दोन्ही लोकांना दिसली पाहिजे. नुसता हवेचा नकाशा नको. अमुक ठिकाणी ११.४० ला पातळी ओलांडली, ११.५५ ला अमुक पदाच्या व्यक्तीला कळवलं, १२.३० ला पथक पोचलं, असं अ‍ॅपवर दिसू दे. मूळ तासावार डेटाही उतरवून घेता आला पाहिजे. महाविद्यालयातली मुलं त्यातून आपल्यापेक्षा जास्त काही शोधून काढतील.

गायमुख

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीची बैठक झाली आणि या धाग्याच्या छापील प्रती मी सगळ्यांना दिल्या. विरोध करणाऱ्या सदस्यांनी ओळंबा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि होकार दिला. आम्ही एकटे न घेता रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्या मिळून सेन्सर घेणार आहोत, म्हणजे वारा कुठूनही आला तरी फरक दिसेल. एक सेन्सर मजुरांच्या वस्तीपाशी लावायची परवानगी बिल्डरकडे मागणार आहोत.

प्रभाग समितीला द्यायच्या अर्जाचा मसुदा असा आहे, दुरुस्त्या सुचवा:

"आमच्या प्रभागातील सर्व बांधकामांवरील हवा मोजणाऱ्या सेन्सरचे तासावार आकडे नागरिकांना पाहण्यासाठी खुले करावेत. सेन्सरची जागा वस्तीच्या बाजूच्या हद्दीवर असावी व कॅलिब्रेशनची तारीख फलकावर लिहावी. तासाची ठरवलेली पातळी ओलांडल्यास तोडफोड, कोरडी कापणी, खोदकाम, राडारोडा भरणे व खडी-ग्रीटची वाहतूक आकडा उतरेपर्यंत थांबवण्याची अट परवानगीपत्रात घालावी. ही कार्यवाही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व दूरध्वनी क्रमांक फलकावर द्यावा. मेट्रोच्या कामालाही हीच अट लागू करण्याबाबत एमएमआरडीएला कळवावे."

ओळंबा

"कोरडी कापणी"नंतर "चिपिंग" हा शब्द घाला, नाहीतर तेवढीच पळवाट काढतील. आणि रात्रीच्या राडारोड्याच्या गाड्यांचा वेगळा उल्लेख करा.

जुनी_कचेरी

अर्जाची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे प्रादेशिक कार्यालयालाही द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.

निंबोणी

तेरेखोल, प्रमाणित यंत्राशेजारी ठेवायला आम्हाला कोण परवानगी देणार? त्याशिवाय काही करता येईल का?

तेरेखोल

मंडळाला लेखी विचारा, कासारवडवलीचं केंद्र तुम्हाला जवळ आहे. परवानगी मिळेपर्यंत एवढं करा: घेतलेले सगळे सेन्सर आधी एकाच गच्चीवर शेजारी शेजारी आठवडाभर ठेवा. एकाच हवेत ते एकमेकांपेक्षा किती वेगळे आकडे देतात ते लिहून घ्या. एखादा फारच वेगळा वागत असेल तर दुकानदाराला परत करा. बाकीचे मग जागेवर न्या. आकडा बरोबर आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण दोन सोसायट्यांमधला फरक खरा की यंत्राचा हे ओळखता येतं.

लावताना जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच, तीन बाजूंनी मोकळी जागा, वर पावसाचं छप्पर. स्वयंपाकघराची खिडकी, जनरेटरचा धूर, एसीचा बाहेरचा भाग आणि देवळातल्या धूप-उदबत्त्या यांपासून लांब. वीज गेल्यावर नोंद तुटू नये म्हणून लहान बॅटरी जोडा, कारण घोडबंदरला वीज जाते तेव्हाच जनरेटर सुरू होतात आणि नेमका तोच तास तुम्हाला हवा असतो.